शिवायचं नाही म्हणजे नाही

नकाशातले शेजारी देश तुम्ही पाहिले असतील. त्यातला एखादा बघता बघता मोठा होतो आणि बाकीच्यांची पंचाईत होते. त्याच्याशी व्यापार केल्यावाचून चालत नाही, आणि त्याची धास्ती वाटल्यावाचून राहत नाही. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, असा प्रश्न पडला असेल तर नकाशा मिटा आणि एक अरुंद गल्ली डोळ्यांपुढे आणा. शिवणयंत्राचा खडखडाट ऐकू येतोय ना? ते शिंपीआजोबांचं दुकान. शेजारच्या खोलीत, मोडक्या छत्र्यांच्या ढिगाऱ्यात बसल्यात त्या छत्रीवाल्या मावशी. आणि समोर, अख्खी बाजू व्यापून, काचांमागे तयार कपडे टांगलेलं ते मोठं दुकान.

ते पहिल्यापासून मोठं नव्हतं. त्याचा मालक तरुणपणी टोपलीत सुया, दोरे आणि बटणं घेऊन गल्लीत यायचा आणि दमला की आजोबांच्या पायरीवर टेकायचा. "अरे टोपल्या, आधी पाणी पी," आजोबा म्हणायचे. तो पाणी प्यायचा, गल्लीभरच्या गप्पा सांगायचा, आणि निघताना दोऱ्याचं एक रीळ यंत्रावर ठेवून जायचा. पुढे टोपलीची टपरी झाली, टपरीचं दुकान झालं, दुकानाने शेजारच्या दोन खोल्या गिळल्या. आजोबांना त्याचं कौतुकही वाटे आणि धास्तीही. कारण नवे कपडे शिवून घ्यायला आता फारसं कुणी येईना. पण त्याच्याकडच्या पँटी इतक्या लांब, की जणू गल्लीत उंटच राहतात. त्या आखूड करायला गिऱ्हाईक येई ते आजोबांकडेच. आणि आजोबा दोरा आणत ते त्याच्याकडूनच.

असं बरं चाललं होतं, तोच त्या दुकानाला नवं कापडी छत आलं. निळ्या पट्ट्यांचं, लांबलचक. ते उघडलं की गल्लीच्या मध्यापर्यंत यायचं. इतकी वर्षं दुपारचं ऊन थेट आजोबांच्या यंत्राच्या सुईवर उतरायचं, ते आता छतावरच अडलं. आजोबांचे डोळे थकलेले. दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावरचा काळा दोरा त्यांना दिसेना. ऊन गेलं म्हणजे काम गेलं.

ते समोर जाऊन सांगून आले. मालक घाईत होता, "बघू काका," एवढंच म्हणाला. "बघा बरं का, अहो शेठ," असं म्हणून आजोबा परतले. त्यांच्या तोंडून 'अहो शेठ' निघालं, तेव्हाच मावशींनी ओळखलं की प्रकरण चिघळलं.

त्याच संध्याकाळी दोघांची बैठक झाली. आजोबांनी टेबलावर हात आपटून ठराव मांडला, "आजपासून त्या दुकानाच्या मालाला शिवायचं नाही." मावशींनी जोरात मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी त्या दुकानाच्या मागच्या दाराने जाऊन, मिटलेल्या छत्रीत लपवून काळं कापड घेऊन आल्या. आजोबांनी त्यांना पाहिलं, पण हटकलं नाही. कारण ते स्वतः चष्म्याच्या डबीत दोऱ्याचं रीळ घालून आत्ताच परतले होते.

ठराव इमानाने पाळला तो एकटीनेच. बैठकीत कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या आजोबांच्या नातीने. ती किडकिडीत आणि बोलण्यात टोचरी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. शाळा सुटली की गिऱ्हाइकांचे कपडे घेणं आणि खडूने खुणा करणं तिच्याकडे असे. आता मालाला शिवणं म्हणजे हात लावणं, आणि कपडा शिवणं म्हणजे टाके घालणं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलीला 'शिवणं' एकच. समोरच्या दुकानाची पँट घेऊन कुणी आलं की ती पायरीवरूनच सांगे, "ही शिवायची नाही. ठरलंय."

लोक पँटी परत करायला समोर जाऊ लागले. काउंटरवर ढीग साचला. पोस्टमन मात्र हट्टी. त्याने पँट तशीच घातली, दुकानाच्या पायरीवर तिच्यातच पाय अडकून धडपडला, सावरायला छताची दोरी धरली, आणि पँटी परत करायला रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना पोटात घेऊन ते छत खाली आलं.

इकडे आजोबा निवांत बसून काळजी करत होते. गिऱ्हाईक एकाएकी आटलं कसं, हे त्यांना उमगेना. शेठनेच लोकांचे कान भरले असणार, असं त्यांनी मावशींना चारदा सांगून झालं होतं. तेवढ्यात शेठच दारात उभा. स्वतःच्या दुकानातली पँट दोन्ही हातांनी वर धरून.

"काका, भांडण छताचं आहे. पँटींनी तुमचं काय घोडं मारलं?"

"मी कुठे काय केलं, अहो शेठ?"

"शिवायचं नाही म्हणून ठरवलंत ना? ही सांगते सगळ्यांना."

सगळे टाचणीकडे वळले. ती डगमगली नाही. "तुम्हीच म्हणालात, आजोबा."

"अगं, शिवायचं नाही म्हणजे हात लावायचा नाही."

"मग चष्म्याच्या डबीत दोरा कसा?"

मावशींना अचानक खोकला आला. मालक हसून म्हणाला, की मावशींचं कापड तर त्यानेच मोजून दिलं होतं, चांगलं चार बोटं जास्त. मग तो पायरीवर टेकला, पूर्वीसारखाच. "काका, एक करा. ते 'अहो शेठ' आधी बंद करा. फार लागतं ते."

आजोबांनी चष्मा पुसला. मग उठून त्यांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला. "आधी पाणी पी. आणि माझं ऊन तेवढं सोड की रे, टोपल्या."

"छत परत चढवलं नाही तर काचेतले कपडे विटतात हो, काका."

आता हेही खरंच होतं. मावशी म्हणाल्या, छताच्या वाकलेल्या सळ्या मी सरळ करून देईन, पण कापडाचं काय ते तुम्ही बघा.

तशी टाचणी उठली. तिने आजोबांचा खडू घेतला, स्टूल समोर नेलं आणि मालकाला वर चढून पडलेल्या छताची कड उचलून धरायला सांगितली. हात वर गेले, तशी त्याचीही लांब पँट बुटांवर लोळताना दिसली. "थोडं मागे घ्या," ती म्हणाली, "अजून थोडं." काचेतल्या कपड्यांवर सावली राहिली, आणि गल्ली ओलांडून ऊन अलगद यंत्राच्या सुईवर येऊन टेकलं.

"आता हलू नका," म्हणत ती स्टुलाच्या कडेवर चढली आणि निळ्या पट्ट्यांवर तिने खडूची सरळ रेघ ओढली, इथून दुमडायचं अशी. मग खाली उतरून, वाकून, तोच खडू तिने मालकाच्या पँटीवरही ओढला.