जरा तापलंय!

“आमच्या सिंधीचा नवरदेव बैलाच्या शेपटीमागं बसून येणार न्हाई! मोटारीत येईल, मोटारीत! अन् मोटार बी अशीतशी न्हाई, नवाबाची!”

साखरा गावच्या पारावर माणिकरावांनी लेकीच्या लग्नाचं हे जाहीर केलं, तेव्हा पारावर झोपलेल्या कुत्र्यानंसुद्धा मान वर केली. माणिकराव गावातले मोठे जमीनदार. जमीन मोठी, मिशा त्याहून मोठ्या आणि बोलणं सगळ्यात मोठं! काळ निजामाचा. हैदराबादेच्या एका नवाबानं नवी मोटार आणली आणि जुनी काढली, ती माणिकरावांनी हौसेनं उचलून आणली. लांबीला दोन बाजांएवढी, रंग पिकल्या जांभळाचा, आत मखमलीच्या गाद्या. पितळी भोंगा तर असा, की त्याचा रबरी फुगा दाबला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची!

मोटार ताब्यात देताना नवाबाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं डोळे पुसत सांगितलं होतं, “सरकार, इसको बीमार पड़ने से पहले दवा देना. तेल वक्त पे बदलना, और साल में एक दफा इंजन खुलवा के साफ करवाना.”

माणिकरावांनी हे घरी हसत हसत सांगितलं. पण त्यांची बायको चतुराबाई हसली नाही.

“त्यात हसायचं काय हाय? बैलगाडी जुपायच्या आधी आखाला वंगण घालता का न्हाई? मंग एवढ्या धुडाला नको? लग्नाच्या आधी मिस्त्र्याला दाखवून आणा.”

“अगं, ती नवाबाची मोटार हाय!”

“नवाबाला बी पोट असतंय!”

शेवटी माणिकराव मोटार घेऊन हिंगोलीला गेले. हिंगोलीत मोटारीचे मिस्त्री दोनच. धर्मसिंग आणि रामसिंग. सख्खे भाऊ, दुकानं समोरासमोर आणि बोलचाल बंद! एकानं ऊन पडलंय म्हटलं, तर दुसरा छत्री उघडून बाहेर यायचा.

धर्मसिंगनं इंजिनाचं झाकणसुद्धा उघडलं नाही. वैद्यानं नाडी धरावी तसा त्यानं मोटारीवर हात ठेवला, डोळे मिटले.

“चालू हाय?”

“चालू हाय.”

“मंग खोलता काहून, मालक? निरोगी माणसाचं पोट फाडून पाहता का, आतडी जागेवर हायेत का म्हणून? चालत्या इंजिनाला हात लावला, की त्याला नजर लागते!”

माणिकरावांना हे अगदी पटलं. तरी बायकोला सांगायला बरं म्हणून ते रस्ता ओलांडून रामसिंगकडे गेले.

“उसने क्या बोला?” रामसिंगनं मान वर न करता विचारलं.

“इंजिन खोलायची गरज न्हाई म्हनला.”

रामसिंग चकित झाला. “जिंदगी में पहली बार अकल की बात बोला!”

झालं! जे भाऊ ऊनसावलीवर भांडतात, त्यांचं या एका गोष्टीवर एकमत! याहून मोठा पुरावा तो कोणता? माणिकरावांनी लग्नाच्या दिवशी मोटार हाकायला धर्मसिंगलाच ठरवून टाकलं.

लग्न वैशाखातलं, गोरज मुहूर्तावरचं. मुलाकडचं वऱ्हाड बैलगाड्यांनी आदल्या दिवशीच साखऱ्यात उतरलं. मागं राहिले फक्त नवरदेव मुंजाजी आणि त्याचे वडील संपतराव. ते वारंगा फाट्याजवळच्या आपल्या गावी मोटारीची वाट पाहत थांबले, कारण तसं ठरलंच होतं!

सकाळी मोटार तिथं पोचली. मुंजाजीचं बाशिंग एवढं उंच, की त्याला मान तिरपी करूनच आत बसावं लागलं. माणिकराव पुढं धर्मसिंगशेजारी बसले. भोंगा वाजला, पोरं ओरडली, मोटार निघाली.

कळमनुरी मागं पडली आणि इंजिनातून आवाज यायला लागला. खाड्... खाड्... खाड्!

“मिस्त्री, हे काय?”

“काही न्हाई मालक. इंजिन खुशीत हाय. बोलून राहिलं!”

हिंगोली ओलांडेपर्यंत ते बोलणं भांडणावर आलं. मागून निळा धूर निघायला लागला. संपतरावांनी नाकाला उपरणं लावून विचारलं, “इवाईबुवा, हा धूर?”

“इवाईबुवा, नवाबाची मोटार हाय,” माणिकराव म्हणाले. “तिला हुक्क्याची सवय असणारच!”

सेनगावला मात्र धर्मसिंगनं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, “तेल संपलं.”

“मंग घाल की!”

“इथं मोटारीचं तेल कुठून येईल? पण फिकर करू नका. तेल म्हंजे तेल!”

आणि समोरच्या तेल्याच्या घाण्यावरून करडईच्या तेलाचा अख्खा डबा आणून त्यानं इंजिनात ओतला!

पुढं जे झालं, ते सेनगावकरांनी नंतर कित्येक वर्षं सांगितलं. मोटार निघाली आणि आसमंतात भजी तळल्याचा खमंग वास दरवळला! वाटेवरच्या वाडीतून माणसं बाहेर आली. कुत्री मागं लागली. एक म्हातारी तर हातात ताट घेऊन रस्त्यात उभी राहिली. “पंगत कुठं हाय रे?”

“भूक लागली बापू,” नवरदेव मुंजाजी हळूच वडिलांना म्हणाला.

साखरा दोन कोसांवर राहिलं. चढ लागला. इंजिन बोललं, भांडलं, रडलं आणि एकदम फाट्टकन मोठा आवाज करून गप्प झालं. वाफेचा लोट उठला. सगळे खाली उतरले. इंजिनाच्या कुशीला वितीएवढं भगदाड पडलं होतं, त्यातून लोखंडाचा एक दांडा बाहेर डोकावत होता आणि खाली काळं तेल गळत होतं.

धर्मसिंगनं वाकून पाहिलं. “मालक, काम हलकं झालं. खोलायची तकलीफ वाचली. आपल्या आपणच उघडलं!”

तरी त्यानं पाणी ओतलं, फुंकर मारली, हँडल फिरवलं. शेवटी रागानं दोन लाथाही घातल्या. इंजिन ढिम्म!

सूर्य कलायला लागला. तिकडं मांडवात पाहुणे, इकडं नवरदेव माळावर! तेवढ्यात हा सगळा तमाशा लांबून पाहत, मेंढरं घेऊन दगडोबा धनगर येताना दिसला. माणिकरावांनी त्याला बाजूला घेतलं.

“दगडोबा, पळत घरी जा. मालकिणीला सांग, जरा तापलंय, थंड झालं की येऊन राहिलो. पण याद राख, मोटारीचं नाव तोंडातून काढायचं न्हाई! गावात माझी इज्जत जाईल.”

दगडोबा शब्दाचा पक्का. मेंढरं बापलेकांवर सोपवून तो पळत सुटला आणि मांडवात चतुराबाईसमोर उभा राहिला.

“मालकानं सांगितलं, जरा तापलंय. थंड झालं की येऊन राहिले.”

“काय तापलंय?”

“त्याचं नाव घ्यायचं न्हाई म्हनले.”

चतुराबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. नाव घ्यायचं नाही म्हणजे... “जावाईबापू तापले का काय? रुसले?”

“म्या काई बोललो न्हाई,” दगडोबानं हात जोडले.

“बरं, कसं हाय आता?”

“रस्त्यात बसलंय. हलत न्हाई. पाणी पाजलं, फुंकर मारली, काई उपयोग न्हाई. तोंडातून धूर निघून राहिला.”

“अगं बाई! मंग?”

“मंग धर्मसिंग मिस्त्र्यानं दोन लाथा घातल्या.”

“जावयाला लाथा?!”

मांडवात एकच हलकल्लोळ! मुलाकडचं वऱ्हाड पागोटी सावरत उठलं. आतल्या खोलीत सिंधीनं हंबरडा फोडला. चतुराबाईनं मात्र डोकं शाबूत ठेवलं. पेटीतली सोन्याची अंगठी काढली, जरीचं धोतर घेतलं, बैलगाडी जुपायला लावली आणि दगडोबाला हाकायला बसवून स्वतः निघाली. रुसलेल्या जावयाची समजूत काढायची, तर रिकाम्या हातानं कसं जायचं?

माळावर मुंजाजी एका दगडावर बसून घाम पुसत होता. चतुराबाई गाडीतून उतरली ती थेट त्याच्यापुढं हात जोडून उभी राहिली.

“जावाईबापू, चुकलं आमचं! त्या मेल्या मिस्त्र्याकडं मी पाहते. पण राग सोडा. ही अंगठी घ्या!”

“मामी, मला कुठं राग...” मुंजाजी उठायला लागला. तोच संपतरावांनी त्याचा खांदा दाबून त्याला पुन्हा खाली बसवलं. संपतराव पोक्त माणूस. वारं कुठून सुटलंय हे त्यांना झटकन कळलं.

“लई तापलाय, इहीणबाई!” ते गंभीरपणे म्हणाले. “अंगठीनं जरा थंड होईल, पण...”

“जरीचं धोतर बी आणलंय!”

“धोतरानं कंबरेपर्यंत थंड होईल.”

“बरं, वर एक दुभती गाय देते! वासरासकट!”

माणिकराव इकडं तोंड उघडायचे आणि मिटायचे, पाण्याबाहेर काढलेल्या मरळ माशासारखे! जावई तापलेला नाही असं सांगावं, तर मोटार तापली हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर गोठ्यातली गाय जाणार! इज्जत की गाय? गाय की इज्जत? त्यांनी मोठा श्वास घेतला... आणि गाय सोडली.

“थंड झालो, मामी,” मुंजाजी लाजत म्हणाला.

चतुराबाईनं पदरानं घाम पुसला. मग तिचं लक्ष धर्मसिंगकडे गेलं. तो मोटारीच्या पुढं पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच्या दोन्ही पायांमधून काळं तेल ओघळत होतं.

“सरक,” चतुराबाई म्हणाली.

धर्मसिंग सरकला. चतुराबाईनं भगदाड पाहिलं, दांडा पाहिला, भज्याचा वास घेतला. मग सावकाश नवऱ्याकडं वळली.

“तापलंय ते हे?”

“जरा...” माणिकराव म्हणाले.

“अन् माझी गाय?”

संपतराव घाईघाईनं मध्ये पडले. “इहीणबाई, दिल्या शब्दाचं आता काय! मुहूर्त टळून राहिला!”

ते मात्र खरं होतं. सूर्य डोंगराला टेकत होता. चतुराबाईनं कपाळावर हात मारला, आपल्या गाडीचे बैल सोडले आणि धर्मसिंगला मोटारीला दोर बांधायला लावला. नवरदेव पुन्हा मखमलीवर, मान तिरपी! शेजारी संपतराव, पुढं माणिकराव आणि चतुराबाई, मागून ढकलायला धर्मसिंग. दगडोबा मेंढरं माळावरच चरत ठेवून बैलांपुढं चालायला लागला. मोटार हलली, पण गोगलगायीसारखी. या चालीनं पोचेपर्यंत गोरजच काय, पहाटेचा मुहूर्तही टळला असता!

माणिकरावांना राहवलं नाही. गावात शिरताना तरी रुबाब राहावा, म्हणून त्यांनी आधीच सराव करावा तसा भोंग्याचा फुगा जोरात दाबला. भों—!

बैलांनी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. शेपट्या वर करून जे उधळले! दगडोबा बाभळीत, धर्मसिंग धुळीत, संपतराव मुंजाजीच्या मांडीवर! घाबरून माणिकरावांचा हात फुग्यावरच आवळला गेला. त्यामुळं भोंगा थांबेना आणि भोंगा थांबेना म्हणून बैल थांबेनात! नवाबाच्या हयातीत ती मोटार एवढी धावली नसेल. ती शिरली ती थेट मांडवात, आणि बैल चाऱ्याच्या गंजीपाशी जाऊन उभे राहिले. मुंजाजी बाहेर आला, तेव्हा बाशिंग कानावर होतं, पण भटजींच्या हातातल्या अक्षता अजून हातातच होत्या.

लग्न मुहूर्तावर लागलं! सिंधी नवऱ्याकडं चोरून पाहून हसली, कारण त्याच्या अंगाला अजूनही भज्यांचा वास येत होता. जेवताना वऱ्हाड दुसरं काही बोलतच नव्हतं. मोटार! बैल! भोंगा! माणिकरावांची छाती पुन्हा वीतभर वर आली.

आठवड्यानं शेजारच्या गावचे पाटील दारात हजर.

“माणिकराव, पोराचं लग्न काढलंय. तुमची मोटार पाहिजे.”

माणिकरावांनी मिशीला पीळ दिला. “जरूर! नवाबाची हाय म्हणा ती. जरा इंजिनाचं काम...”

“छे छे, इंजिन काढून ठेवा! उगंच वजन कशाला?” पाटील म्हणाले. “बैल तेच पाठवा. अन् भोंगा वाजवायला तुमी या. तुमच्यासारखा भोंगा वाजवणारा पाच गावात न्हाई!”

माणिकरावांना रागच आला. ते तोंडावर नाहीच म्हणणार होते. पण पाटलांनी फेटा देऊ केला म्हणून, नाहीतर गेले नसते!