मधली पायरी सांगा, भाऊजी!

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. वच्छलानं, म्हंजे माह्या बायकोनं, तीन टरफलं जुळवून तिकोन केला अन् म्हणे, "अजी, याचे तिन्ही कोन एकापाशी एक लावले तं सरळ रेघ होते. होते का नाही?"

"होते."

"कायवरून?"

"तू म्हणतेस म्हणून."

अशी भडकली! "मी म्हणते म्हणून नाही! मी खोटी बोलली तरी ते होते!"

असं माणूस. साठी उलटल्यावर तिनं दहावीचा बाहेरून फॉर्म भरला, अन् भूमितीपायी साऱ्या लोहारा गावाले जीव नकोसा केला. भाजीवाला म्हणे, मेथी ताजी आहे. "कारण?" तो म्हणे, "हिरवीगार आहे ना, काकू." "शेवाळही हिरवंच असते. दुसरं कारण सांग." तो आमची गल्लीच टाळाले लागला.

माहा लहाना भाऊ तं टोमणे माराले टपलाच असे. "वहिनी, गवऱ्या मसणात गेल्या अन् दहावी करता?"

ती शांतपणानं म्हणे, "गवऱ्या गेल्या, हे दिलेलं आहे. पण त्यावरून दहावी करू नये, हे कसं निघालं? मधली पायरी सांगा, भाऊजी!"

भाऊ चहा टाकून उठला.

शिकवणीतला सर म्हणे, "काकू, पाठ करा. या वयात समजून काय करता?" त्या वाक्याचा मले अजून राग आहे. ती म्हणे, "पाठ कराले आरत्या आहेत घरी. हे मले पटवून द्या."

तिचं घोडं अडलं होतं एका रेघीवर. तिकोनाच्या शेंड्यावरून खालच्या बाजूले समांतर रेघ मारा लागते, तवा कोनांचं गणित जुळते. पण प्रश्नात ती रेघच नाही! "दिली नाही ती रेघ आणली कुठून?" म्हणून तिनं सरले छळ छळ छळलं. मंग एक दिवस भाकर थापता थापता थांबली. "समजलं! कोणी दिली नाही तं आपणच मारा लागते. नाही मारली तं कोन तसेच पडून राह्यतात."

तव्यावरची भाकर जळाली. मी बोंबललो, "कायले डोकं फोडून राह्यली? नोकरी लागणार आहे का तुले?"

तिनं भाकर उलटवली. माह्याकडे न पाहता म्हणे, "जलमभर मी काही बोलली का समदे म्हणत, तुले काय समजते. अजी, इथं कारण बरोबर असलं तं म्हातारीचंही माना लागते. सरलेही."

शेवटी सरनंच हात टेकले. म्हणे, "काकू, उद्या सकाळी फळ्यावर तुम्हीच पोरायले हे समजवून सांगा." म्हणून त्या संध्याकाळी ती टरफलं मांडून राह्यली होती. रात्री झोपली, ते उठलीच नाही.

सकाळी बाया तिच्यापाशी बसल्या. पोरगा मुकुटबनहून निघाला होता. मी चपला घातल्या.

"दादा, आता कुठी चालला?" भाऊ म्हणे.

"शिकवणीले."

माहं ऐकून सर रडवेला झाला. पोरायले म्हणे, "उभे राहा. काकूंसाठी दोन मिनिटं मौन."

माहं टाळकंच फिरलं. "मौन कायले? आज तिले बोलाचं होतं! बसा समदे! कोणीतरी मारा ती रेघ. अन् पायरी पायरीले कारण सांगा. मोठ्यानं!"

एक पोरगी उठली. तिनं खडू घेतला, रेघ मारली अन् सांगाले लागली. मी वच्छलाच्या जागेवर बसलो. मधातच मले समजेनासं झालं. मी तिले थांबवलं. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा थांबवलं. मले समजेपर्यंत सोडलं नाही.

मंग उठलो, अन् घरी गेलो, वच्छलाले मसणापर्यंत पोचवाले.