कसली पेन्शन, कुठली पेन्शन

शंकासुराने परदेशात राहायला जाण्याचा अर्ज भरला, तोसुद्धा हातचं राखून. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण बँकेच्या फसवणूक-प्रतिबंध विभागात बारा वर्षं काढल्यावर ते कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. गोड बोलतो तो चोर, घाई करतो तो महाचोर, असा त्याचा हिशेब. आणि तो बऱ्याचदा खरा निघायचा, तेच वाईट झालं.

निवृत्तांना राहू देणाऱ्या त्या देशाची एकच मोठी अट होती: दरमहा ठरावीक उत्पन्न. शंकासुराची पेन्शन त्या आकड्याच्या जेमतेम वर होती. बायकोची, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची, चांगली घसघशीत वर. तरी अर्जदार म्हणून त्याने स्वतःला लिहिलं आणि बाईंना ‘अवलंबून असलेली पत्नी’.

“घरातला कर्ता मीच ना?” तो म्हणाला.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांची थोरली बहीण तिकडे समुद्राकाठच्या गावात राहायची. नवरा गेल्यापासून एकटी पडलेली, रोज फोनवर रडायची. बाईंना काहीही करून तिच्याजवळ जायचं होतं.

“आता नीट ऐक,” अर्ज देऊन आल्यावर शंकासुराने बजावलं. “आपली माहिती फुटणार आणि चोरांचे फोन येणार. पैशाचं कुणी विचारलं की कानांवर हात ठेवायचे.”

“आणि खरंच व्हिसावाल्यांचा आला तर?”

“ते कशाला करतील? त्यांच्याकडे कागद आहेत की!”

आठव्या दिवशी फोन आला. एक मुलगी अगदी अदबीने बोलत होती. “व्हिसा कार्यालयातून बोलतेय. पडताळणीसाठी तुमचं महिन्याचं उत्पन्न सांगता का?”

“अर्जात काय लिहिलंय?”

“ते नाही सांगता येत. गोपनीय असतं.”

“तुमचं ते गोपनीय, आणि माझं काय चव्हाट्यावर मांडायचं?”

“तसं नाही हो काका. पेन्शन किती मिळते, एवढंच...”

काका! शंकासुर सावध झाला. बारा वर्षांत काका म्हणणारा एकही आवाज सरळ निघाला नव्हता.

“कसली पेन्शन, कुठली पेन्शन?” तो कळवळून म्हणाला. “दोन वेळच्या जेवणाची मारामार आहे, पोरी. शेजारी देतात म्हणून खातो.” एवढ्यावर न थांबता त्याने तो नंबर पोलिसांत कळवला. पोलिसांनी, नेमकी याच वेळी, तत्परता दाखवली. व्हिसा कार्यालयाचा फोन तीन दिवस बंद पडला.

मग पत्र आलं. ‘अर्जदाराने स्वतःच उत्पन्न नसल्याचे कळवले आहे. गुरुवारी दुपारी मूळ पुराव्यांसह हजर राहावे.’

गुरुवारी सकाळी शंकासुर आपल्याच जुन्या शाखेत पेन्शनचं पत्र मागायला धावला. खिडकीत बसलेल्या मुलीला त्यानेच तयार केलं होतं.

“आत्ताच्या आत्ता हवंय.”

“सर, घाई करणाऱ्याला आधी बसवायचं, तुम्हीच शिकवलंत.”

“अगं, पण मी मी आहे!”

“सगळे तेच म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलंत. चार दिवस लागतील.”

त्याला तिचा राग आला, आणि थोडं कौतुकही वाटलं. शेवटी घरातले कागद घेऊन तो कार्यालयात पोचला. तिथल्या साहेबाने त्याचं पेन्शनचं पुस्तक उजेडात धरलं, शिक्क्यावर बोट घासलं, बोटाचा वास घेतला. हा आपल्याच जातकुळीतला, हे शंकासुराने ओळखलं.

“आम्हाला म्हणता शेजारी जेवू घालतात,” साहेब म्हणाला. “पोलिसांना म्हणता आम्हीच चोर. आता म्हणता पेन्शन आहे. यातलं खरं कुठलं धरू?”

“पेन्शनचं.”

“म्हणजे सगळ्यात शेवटी सुचलेलं.”

शंकासुराने बाईंचे कागद पुढे सरकवले. “मग बायकोची पेन्शन धरा. ती अर्जदार. मी... अवलंबून.” तो शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याचा जीव अर्धा झाला.

साहेबाने बाईंचे कागद तपासले आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. “इथे काही खोट नाही. आता बाईंनी फक्त तुमची हमी द्यायची.” त्याने फोन लावून स्पीकर चालू केला.

बाईंनी आपली पेन्शन पैशांसकट सांगितली. कानांवर हात वगैरे काही ठेवले नाहीत. शंकासुर चपापला.

“आणि यजमानांचा खर्च उचलाल? त्यांची हमी घ्याल?”

वर्गात निकाल सांगावा तशा आवाजात बाई म्हणाल्या, “नाही. त्यांचं खरं काय नि खोटं काय, चाळीस वर्षं झाली, मलाच कळत नाही. माझं एकटीचं होत असेल तर करा.”

“एकटीचं आज होतंय,” साहेब म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

शंकासुर घरी आला तेव्हा पलंगावर बॅग उघडी होती.

“आजचा फोन खरा आहे, हे तुला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“मग?”

“मग काय? तुमची चौकशी संपेपर्यंत ताईने तिकडे एकटीने बसायचं?” बाई कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. “सहा महिन्यांनी तिथून नवऱ्याला बोलावता येतं. चौकशी केलीय मी.”

“बोलावशील ना?”

“बघू.”

‘बघू’ म्हणजे नक्की काय, हे विचारायला शंकासुराने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि तो तिच्या बॅगेची अडकलेली चेन ओढून देऊ लागला.