तिसऱ्या ओळीचा घोळ

लुशियन थिबोडोला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक, ऑडेट त्याला लग्नाला हो म्हणाली होती. आणि दुसरी, दोघांच्या शहरांच्या याद्या त्यानं स्वतः जुळवल्या होत्या. "तुझी यादी डोळे झाकून भर," त्यानं तिला सांगितलं, "चूक निघाली तर नाव बदलेन!"

दोघंही न्यू ऑर्लिन्सच्या कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडत होते. पुढची रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण, कुठल्या शहरात, ते संगणक ठरवणार. जोडीनं अर्ज केला की त्याची पहिली ओळ तिच्या पहिलीशी बांधलेली, दुसरी दुसरीशी. ज्या ओळीवर दोघांनाही जागा मिळेल, तिथं संगणक थांबतो. प्रेमबिम त्याला कळत नाही, ओळीचा नंबर कळतो!

शेवटच्या दिवशी लुशियनला तिसऱ्या ओळीवरचं मेम्फिस खुपायला लागलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मुलाखतभर त्याला 'लुसी' असं पोरीच्या नावानं हाक मारली होती. त्यानं ती ओळ उडवली, खालची शहरं एकेक ओळ वर सरकली, आणि ऑडेटला सांगण्याआधीच तो सोफ्यावर झोपून गेला.

ऑडेटनं उघड्या संगणकावर त्याची यादी पाहिली. तिला मेम्फिस मनापासून हवं होतं. पण नसेल जायचं बिचाऱ्याला! तिनंही आपल्या यादीतून ते काढलं, त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि ड्युटीवर गेली.

लुशियन दचकून उठला. अरे, ऑडेटला तर मेम्फिस आवडतं! त्यानं ओळ होती तिथं परत घातली. थोड्याच वेळात याद्या बंद झाल्या.

पुढं एका सोमवारी निरोप आला, दोघांनाही जागा मिळाली! कुठं, ते शुक्रवारी कळणार. लुशियनच्या आईनं, कोरीनबाईंनी, आनंदानं अंगणात मका घालून क्रॉफिशचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचं, भलंमोठं पातेलं चढवलं.

"तुझ्यासाठी मी मेम्फिस परत घातलं, माहितीये?" लुशियन ऐटीत म्हणाला.

"परत घातलं?" ऑडेटच्या हातातलं कणीस खाली पडलं. "अरे, मी काढलं ना!"

"कुठून काढलंस?"

"माझ्या यादीतून! तुझ्यासाठी!"

लुशियननं बोटांवर मोजलं. तिसऱ्या ओळीवर तो मेम्फिसला, ती डॅलसला. चौथीवर तो डॅलसला, तर ती डेन्व्हरला. खालपर्यंत तो तिच्या मागं धावत होता आणि ती एक शहर पुढं!

"तशा पहिल्या दोन ओळी शाबूत आहेत..."

"गप्प बस, लुसी!" ऑडेटला रडूच फुटलं.

"फोन करून सांगा ना त्या संगणकाला," कोरीनबाई कळवळून म्हणाल्या, "की पोरं भोळी आहेत म्हणून!"

शुक्रवारी कॉलेजात शहरांची नावं असलेले लिफाफे वाटले, तेव्हा लुशियन तिच्याकडे वळला. "ऑडेट, वेगळी शहरं निघाली तर मी हे वर्ष सोडून देईन. तू असशील तिथं येऊन पिझ्झा पोचवीन, पण तुझ्याशिवाय राहणार नाही."

"वेड्या, मी पण हेच म्हणणार होते," ती म्हणाली.

लिफाफे फाटले. फार्गो! आणि फार्गो! दुसरी ओळ! दोघं एकमेकांना मिठी मारून हसले, रडले, शेजारच्या अनोळखी आजोबांनाही मिठी मारून आले.

मग लुशियननं डोळे पुसले. "पण तिथं एप्रिलपर्यंत बर्फ असतो गं. तुला फार्गो इतकं का आवडलं?"

"मला? मला वाटलं, तुझा जीव आहे फार्गोवर!"

"मला वाटलं, तुझा!"

दोघांत मिळून एक धड स्वेटर नव्हता.

शेवटी ऑडेटनं त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले. "आत्तापासून सवय कर," ती म्हणाली.