सातवी ब ध्यानाला बसली

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या शाळेत सातवी ब ला सलग दहा मिनिटं गप्प बसवणारी मी पहिली आणि एकमेव शिक्षिका आहे. पुढे जे झालं ते झालं, पण हा विक्रम माझ्या नावावर आहे आणि तो आता कुणी काढून घेऊ शकत नाही.

सातवी ब म्हणजे काय चीज आहे, याची तुम्हाला कल्पना यायची नाही. बेचाळीस मुलं. तोंडं बेचाळीसच, पण आवाज निदान दोनशे तोंडांचा. शाळेसमोरच्या छापखान्याचा मालक एकदा स्वतः येऊन हात जोडून गेला. त्याचं यंत्र चालू आहे की बंद, हे त्याला ऐकू येईनासं झालं होतं!

मी या मुलांची वर्गशिक्षिका. विषय गणित. सहामाही परीक्षेनंतरच्या सभेत आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, जाहीर केलं की पुढच्या सत्रात सातवी ब फोडायची आणि मुलं बाकीच्या तीन तुकड्यांत वाटून टाकायची. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. इतिहासाच्या सरांनी तर टेबलावर हलकेच थाप मारून आनंद व्यक्त केला. माझं काय झालं कोण जाणे, मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मला एक महिना द्या. हा वर्ग शांत करून दाखवते."

याला कारण होतं. आदल्याच आठवड्यात नणंदेनं मला ओढून एका ध्यानाच्या शिबिराला नेलं होतं. तिथल्या बाई इतक्या मधाळ आवाजात बोलत होत्या की समोरची साठ माणसं विरघळून खुर्चीला चिकटली. मी मनात म्हटलं, यात काय मोठंसं? बावीस वर्षं पाढे म्हणून घेतलेत, माझाही आवाज काही कमी नाही.

घरी सराव केला. आमच्या ह्यांना सोफ्यावर बसवून डोळे मिटायला लावले आणि जमेल तितक्या मधाळपणे म्हटलं, "आता श्वास आत घ्या." हे म्हणाले, "तू सांगायच्या आधीपासून घेतोय."

तरीही मी सोमवारी वर्गात गेले. मधल्या सुट्टीनंतरचा तास. टेबलावर एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला, आणि मोबाईलवर दहा मिनिटांचा नुसता थरथरणारा गजर लावला. चमच्यानं वाटीवर टिंग केलं की डोळे मिटायचे, दहा मिनिटांनी पुन्हा टिंग झालं की उघडायचे. मधे माझ्या सूचना. पाठ ताठ, खांदे सैल, श्वासाकडे लक्ष. मग सगळ्यात लांबचा आवाज ऐका, मग त्याहून जवळचा, मग अगदी जवळचा.

पहिले तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत. कुणी श्वास घेताना मुद्दाम बैलासारखा फुत्कार टाकी, कुणाला श्वास आत गेल्यावर परत बाहेर येईना. वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. त्यानं डोळे मिटणं सक्तीचं आहे की ऐच्छिक, यावरच पहिल्या दिवसाची सात मिनिटं खाल्ली.

चौथ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकांवरची चुळबुळ थांबली. मग त्यापुढची. फरशीवर पाणी सांडावं तशी शांतता मागून पुढे पसरत आली आणि माझ्या टेबलाशी येऊन थांबली. मिटलेले डोळे, किंचित तिरक्या माना, आणि चेहऱ्यांवर असं काही हसू की मला भरून आलं.

आता जी गोष्ट मला पुढचे तीन आठवडे कळली नव्हती, ती तुम्हाला सांगते. सातवी ब आणि शिक्षकांची खोली पूर्वी मिळून एकच मोठी खोली होती. मधे प्लायवूडची फळी ठोकून तिच्या दोन केल्या. वर्गाच्या बाजूनं त्या फळीवर सूचनाफलक आहे, शिक्षकांच्या बाजूनं जगाचा नकाशा. ही फळी पापडाइतकी पातळ आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण सातवी ब आजवर कधी गप्प बसलीच नव्हती. त्या दिवशी ती पहिल्यांदा गप्प बसली आणि मागच्या बाकांना स्वच्छ ऐकू आलं की उद्या इतिहासाचे सर न सांगता चौथ्या धड्यावर चाचणी घेणार आहेत.

मला कसं ऐकू येणार? मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या डोक्यावर एक पंखा, जो वारा कमी आणि खडखडाट जास्त करतो.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. बेचाळीसपैकी एकोणचाळीस मुलांना पैकीच्या पैकी! इतिहासाचे सर पेपरांचा गठ्ठा घेऊन सुन्न बसले होते. मी त्यांच्या पाठीवर थोपटून सांगितलं, की एकाग्रता वाढली की असंच होतं.

त्यानंतर वर्गाला ध्यानाचं जे वेड लागलं ते विचारू नका. गैरहजेरी बंद झाली. एक मुलगा ताप अंगात घेऊन आला आणि ध्यान झाल्यावरच घरी गेला. सुट्टी संपायच्या आधीच मुलं जागेवर. कुणी खोकला तर एकेचाळीस जण त्याच्याकडे खाऊ की गिळू असे बघत. मागच्या बाकांसाठी मारामारी व्हायला लागली, तेव्हा वकिलानं वेळापत्रक करून दिलं, रोज वेगळी रांग मागे. मी कारण विचारलं तर म्हणाला, तिकडे मन लवकर लागतं. काही मुलं मांडीवर वही घेऊन बसत. मनात आलेले विचार टिपून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. मी सगळ्या वर्गाला त्यांचं उदाहरण दिलं!

एक दिवस तर वकील नम्रपणे टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या सूचना आता आम्हाला पाठ झाल्यात. त्यात तीन मिनिटं जातात. थेट शांततेपासून सुरुवात केली तर चालेल?"

माझी छाती अभिमानानं फुलली. शिबिरातल्या बाईंनी सांगितलं होतं की या पायरीला पोहोचायला वर्षं लागतात.

सगळ्यात मोठा फरक पडला तो एका मुलीत. शेवटच्या बाकावर बसणारी, वर्षभरात 'हजर' यापलीकडे एक शब्द न बोललेली. दुसऱ्या आठवड्यात तिनं चक्क हात वर केला आणि अपूर्णांकाचं एक गणित माझ्यापेक्षा सोप्या रीतीनं सोडवून दाखवलं. ते श्रेयही मी मनातल्या मनात वाटी-चमच्याला देऊन टाकलं. घरी ह्यांना म्हटलं, नोकरी सोडून शिबिरं घ्यावीत का? ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

माझी कीर्ती मोठ्या बाईंपर्यंत गेली. त्या म्हणाल्या की शुक्रवारी पालक समिती येणार आहे, त्यांना हे दाखवू. त्याही बसतील आणि मग वर्ग फोडायचं काय ते ठरवतील.

शुक्रवारी सकाळी वकील माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. आज ध्यान नको, आज सगळ्यांच्या मनात फार विचार आहेत, असं म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे विचार. मग म्हणाला, मैदानावर घेऊ. मी म्हटलं, ऊन आहे. मग त्यानं सुचवलं की निदान पाहुण्यांना पुढे बसवा. मी त्याला दटावलं. पाहुण्यांच्या मधे मधे का करतोस? पाहुण्यांच्या खुर्च्या मागेच असतात. मोठ्या बाई आणि आठ पालक, सगळे फळीला पाठ लावून बसले. बसता बसता मोठ्या बाई म्हणाल्या, तो पंखा फार वाजतोय, बंद करा.

पंखा बंद झाला. मी टिंग केलं. सगळ्यांनी डोळे मिटले.

मिनिटभर अशी शांतता होती की टाचणी पडली असती तर दचकायला झालं असतं. मग माझ्या कानावर पहिल्यांदाच एक आवाज आला. कपबशीचा. त्यापाठोपाठ इतिहासाचे सर.

ते मोठ्या बाईंची नक्कल करत होते. प्रार्थनेनंतरचं भाषण. "माझ्या चिमण्या पाखरांनो," हे तर त्यांनी इतकं हुबेहूब म्हटलं की मी दचकून मोठ्या बाईंच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. पलीकडे चित्रकलेच्या बाईंना हसून हसून ठसका लागला. मग सरांनी विषय बदलला. आज पालक समिती आली आहे ना, ते म्हणाले, त्यात एक उंच गृहस्थ आहेत, दर आठवड्याला शाळेला पत्र लिहितात की मुलगा हुशार आहे पण त्याला कुणी समजून घेत नाही. मी त्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजतो, आणि मुलगा कुणावर गेलाय ते मला समजतं.

उंच गृहस्थ दुसऱ्या खुर्चीत होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण कान लाल झाले. बेचाळीस मुलांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. वकिलानं तोंडात रुमाल कोंबला होता.

मी घाईघाईनं चमचा उचलला. तो इतक्या जोरात मारला की वाटीवर टिंग व्हायच्या ऐवजी वाटीच टेबलावरून उडाली आणि फरशीवर ठणठणत, गोल गोल फिरत, बाकांखालून थेट फळीपर्यंत गेली.

पलीकडून सरांचा आवाज आला, "बघा, पाडलं काहीतरी. सातवी ब ती. आणि गणिताच्या बाईंना वाटतंय मुलं ध्यान करतायत."

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. उठल्या नाहीत, वळल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "सर, चहा झाला असेल तर जरा इकडे या."

फळीपलीकडे शांतता पसरली. काय शांतता होती ती! श्वासाचासुद्धा आवाज नाही. शिबिरातल्या बाईंनी वर्णन केली होती ती हीच, अशी माझी खात्री पटली.

आणि मग त्या उंच गृहस्थांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग खुर्ची. त्यांच्यामागून सगळे पालक, मग बेचाळीस मुलं. छापखान्याच्या मालकानं रस्त्यापलीकडची खिडकी लावून घेतलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मोठ्या बाईंनी सगळ्या वह्या मागवल्या. तीन आठवड्यांचे 'विचार', तारीखवार. चाचण्यांचे धडे, कोणत्या सरांचे गुडघे दुखतात, कोणत्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरतंय. मला समोर बसवून त्या वाचत होत्या आणि मी जमिनीत कुठे शिरता येईल ते बघत होते. एका पानावर त्या थांबल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीची होती. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला सगळं येतं. पण गणिताच्या बाई प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगून टाकतात. थांबतच नाहीत.

त्याखाली पेन्सिलीनं, वेगळ्या अक्षरात, कुणीतरी लिहिलं होतं: खरं आहे.

मी ते दोनदा वाचलं. बावीस वर्षांत मला हे तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी मधेच बोलले असते.

"मग वर्ग फोडायचा ना?" मी विचारलं. माझा आवाज मधाळ नव्हता, नुसता बारीक होता.

मोठ्या बाई वह्या एकावर एक रचत होत्या. म्हणाल्या, "बेचाळीस मुलांनी तीन आठवडे एक गुपित सांभाळलं. घरीसुद्धा कुणी बोललं नाही. मला अठरा शिक्षकांकडून एक गुपित तीन तासही राखून घेता येत नाही. असा वर्ग मी फोडणार नाही."

शाळेला सुट्टी लागली की फळीच्या जागी विटांची भिंत बांधायची ठरली. तोवर मधल्या सुट्टीनंतर शिक्षकांच्या खोलीत कुणी बोलायचं नाही, असा नियम झाला. इतिहासाचे सर उंच गृहस्थांना भेटून आले. त्या दोघांचं बरं जमलं म्हणतात. आता पत्रं आधी सरांकडून तपासून घेतली जातात. मी प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजते. सातच्या आसपास शेवटच्या बाकावरचा हात वर येतो.

सोमवारी मी पुन्हा वाटी घेऊन वर्गात गेले. मुलांनी डोळे मिटले, मिनिटभर कान टवकारले, आणि एकेक डोळा उघडायला लागला. वकील उभा राहिला.

"बाई, पलीकडे काहीच नाही. मग ऐकायचं काय?"

मी म्हटलं, काहीच नसताना बसता येणं, यालाच तर ध्यान म्हणतात.

त्यानं थोडा विचार केला. मग अगदी मनापासून म्हणाला, "म्हणजे तीन आठवडे खरं ध्यान फक्त तुम्हीच केलंत. आम्ही बघायचो ना. श्वास एकदम संथ. मान हळूहळू खाली जायची, तोंड जरासं उघडं. मोबाईल थरथरला की मगच तुम्ही परत यायचात."

सगळा वर्ग माझ्याकडे आदरानं बघत होता. मी हो म्हटलं. तुमच्यापाशी म्हणून सांगते, जेवणानंतरची ती दहा मिनिटांची झोप मला इतकी मानवली होती की आता रविवारीही त्याच वेळेला डोळे मिटतात.