काळ्या पट्टीखालचं डिझेल

हिरवे साहेबांना अहवालातलं ते शून्य मंगळवारी सकाळी आठ वाजता दिसलं, तोंडात टोस्ट असताना. टोस्ट तोंडातच राहिला.

हिरवे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रणगाडे बनवणाऱ्या कंपनीत ते पर्यावरण अधिकारी होते, म्हणून कारखान्याने त्यांना ते बहाल केलं होतं. कंपनीचा धूर किती, पाणी किती, झाडं किती, याचा वार्षिक अहवाल ते लिहीत. यंदाच्या अहवालाने तर कमाल केली होती. कंपनीचं प्रदूषण एका वर्षात एकाहत्तर टक्क्यांनी घटलं होतं! संचालकांनी त्यावर भाषण ठोकलं, फाटकावर हिरवं पान आणि त्याखाली भला मोठा ७१ असा फलक लागला. एवढं घटलं कसं, हे कुणीच विचारलं नाही. चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतो? आणि आज अकरा वाजता बाहेरच्या संस्थेच्या तपासनीस बाई नेमकं तेच विचारायला येणार होत्या.

"चाचणी मैदान, डिझेल, शून्य," बायकोने खांद्यावरून वाचलं. ती शाळेत गणित शिकवायची. "अहो, तुमचे रणगाडे काय ढकलत नेतात?"

"अगं, गप्प बस जरा."

"मी बसेन गप्प. त्या बाई बसतील का? त्या म्हणतील, रीत दाखवा. खाली सही कुणाची आहे?"

सही साहेबांची होती. तिच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'वरील माहिती खरी असल्याची मी व्यक्तिशः हमी देतो.' माहिती खोटी निघाली तर एकोणीस वर्षांची नोकरी त्याच पानावर संपणार होती. साहेब चुकीच्या पायात चुकीचा बूट घालून निघाले.

"शून्य मीच टाकलं," ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी शांतपणे सांगितलं. "मैदानाच्या फॉर्मवर आकड्याच्या जागी काळी पट्टी होती. रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देईना. शून्य टाकलं, लगेच गेला."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काहीही करा, पण आज पाठवा."

काळी पट्टी म्हणजे मेजर. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते कंपनीच्या गोपनीयता विभागाचे प्रमुख झाले होते. कंपनीतला प्रत्येक कागद त्यांच्या जाड काळ्या पेनाखालून जाई. कँटीनच्या पाटीवरची उद्याची भाजीसुद्धा त्यांनी एकदा काळी केली होती. साहेब धापा टाकत त्यांच्यापुढे उभे राहिले.

"मेजरसाहेब, मैदानाचा डिझेलचा आकडा हवाय."

"कुठला आकडा?"

"फॉर्मवरचा."

"तुम्ही पाहिलात तो?"

"नाही. तुम्ही काळा केलात ना."

"मग तिथे आकडा होता हे तुम्हाला कसं कळलं?"

मेजरांनी समजावून सांगितलं की डिझेल कळलं की किती रणगाडे किती धावले ते कळतं, आणि ते कळलं की शत्रूला सगळंच कळतं. मग त्यांनी एक लाल वही उघडली. गुपित विचारणाऱ्याचं आणि गुपित फोडणाऱ्याचं नाव त्या वहीत तारीखवार लिहिलं जाई. दुसऱ्यांदा नाव आलं की निलंबन. साहेबांचं नाव त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

साहेब खोलीत येऊन मटकन बसले. साडेदहा वाजले होते. समोर गार होत चाललेला चहा होता. एकाएकी चहावर तरंग उठले, खिडकीच्या काचा खडखडल्या. भिंतीपलीकडच्या मैदानावरून रणगाडा गेला होता. चार मिनिटांनी पुन्हा तेच. साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी घड्याळ पुढ्यात ठेवलं, एक चिठ्ठी घेतली आणि प्रत्येक तरंगाला एक रेघ ओढायला सुरुवात केली. पाचवी रेघ ओढताना दारात मेजर उभे होते.

"रणगाडे मोजताय?"

"छे! चहा बघतोय."

"बैठक होऊ द्या," मेजर म्हणाले. "मग वहीत लिहितो." साहेबांनी चिठ्ठी खिशात कोंबली.

तपासनीस बाई बरोबर अकराला आल्या. काटकुळ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. नियमाप्रमाणे मेजरही काळं पेन आणि लाल वही घेऊन बैठकीत बसले.

"चाचणी मैदान, शून्य," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुमचे रणगाडे चालत नाहीत?"

त्याच क्षणी काचा खडखडल्या. बाईंचं पेन टेबलावरून घरंगळत साहेबांच्या मांडीवर पडलं.

"हा कसला आवाज?"

"कसला आवाज?" मेजर म्हणाले.

साहेबांनी पेन उचललं. चालतात म्हणावं तर वही, चालत नाहीत म्हणावं तर धडधडीत खोटं. त्यांना बायको आठवली, तिची रीत आठवली. नोकरी जायचीच आहे तर निदान ताठ मानेने घरी जावं, असं त्यांना वाटलं.

"बाई, ते शून्य चूक आहे. आकडा झाकलेला होता, आम्ही शून्य टाकलं आणि मी न बघता सही केली. चूक माझी."

मेजरांनी वही जवळ ओढली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "माहिती मिळाली नाही तर आमचा नियम आहे. शक्य तेवढं जास्तीत जास्त धरायचं. मैदानाचा परवाना बारा रणगाड्यांचा आहे. बारा रणगाडे, वर्षभर, चोवीस तास." त्यांनी झरझर आकडेमोड केली. "घट नाही. वाढ, चोवीसशे टक्के. कारण, गोपनीयता विभागाने आकडा दिला नाही. आजच संचालकांना कळवते."

"चोवीसशे?" मेजरांचा आवाज चिरकला. "फाटकावर चोवीसशे लावणार? माझ्या नावावर?"

"नियम आहे."

"अहो बाई, बारा कुठले! अकरा शेडमध्ये पडलेत! कुणाला गिअर नाही, कुणाला पट्टा नाही. एकच चालतो. सकाळी आठ ते दुपारी चार तोच गरगर फिरत असतो!"

मेजरांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. सगळ्यांची नजर खिडकीच्या काचांकडे गेली. चार मिनिटं झाली, पाच झाली. काचा खडखडल्या नाहीत.

"तोही बंद पडला वाटतं," साहेब हळूच म्हणाले.

बाईंनी आधीचं खोडून 'एक' लिहिलं. "किती वेळाने एक फेरी?"

साहेबांनी खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढून टेबलावर सपाट केली. पाच रेघा, शेजारी वेळ. "चार मिनिटांनी. ही रीत."

हिशेब झाला. घट तीन टक्के. लहानशी, पण खरी. साहेबांनी या वेळी पान दोनदा वाचून सही केली. आता कागद फाटकाबाहेर जायला मेजरांचा शिक्का हवा होता. मेजरांनी सवयीने काळ्या पेनाचं टोपण काढलं.

"काळं केलंत तर चोवीसशे," बाईंनी आठवण करून दिली.

मेजरांनी टोपण लावलं, शिक्का मारला. बाई गेल्या. लाल वही उघडीच होती. मेजर शिस्तीचे. त्यांनी तारीख घातली, 'गुपित फोडणाऱ्याचं नाव' या रकान्यात सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मग दाराकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा टोपण काढलं आणि त्या नावावर सावकाश एक काळी पट्टी ओढली.