भिंतीला टेकलेलं

नलूताई कुणाच्याही घरी आल्या की चपला दारात काढतात, मोजे तसेच ठेवतात आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन तुमचं कपाट उघडतात. बसणं नाही, पाणी नाही. हात पार मागच्या भिंतीपर्यंत घालतात आणि एकेक डबा ओढून काढतात. माझ्या कपाटातून एकदा त्यांनी हळदीचे तीन डबे काढले.

"अक्का, तीन तीन?"

"सापडत नव्हता, म्हणून नवा आणला."

"सापडंल कसा? भिंतीला टेकलं ते झोपलं. हाताशी असतं तेच कामाला लागतं."

हे त्यांचं पालुपद. कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, लग्न केलं नाही. आता आमच्या शेजारी एकट्या राहतात आणि अख्ख्या गल्लीला शिकवतात. मी चौथी शिकलेली. मला म्हणाल्या, अंगातल्या पेशीपेशीत एकच धागा असतो, तुमच्या उंचीहून लांब आणि सुईच्या टोकाहून बारक्या खोलीत कोंबलेला. डोळ्यात तोच, टाचेत तोच.

"मग डोळ्याचा डोळा अन् टाचेची टाच कशी होते, अक्का?"

"देवाला ठाऊक."

"त्याला असंल. आपण धाग्याची घडी बघावी. डोळ्यात डोळ्याचं सामान पुढं, टाचेचं मागं भिंतीला."

गुलमंडीच्या बाजारात कापड घ्यायला गेलो, तर दुकानदाराला म्हणाल्या, मागच्या फळीवरची ठाणं काढा. तो बिचारा पाऊण तास काढत होता. आम्ही एक परकर घेऊन आलो. आणि ते मोजे! मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, तेव्हाही बाईंच्या पायात मोजे. विचारलं तर म्हणायच्या, टाचा फुटतात.

त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. सूर्यग्रहण होतं, दिवस मावळताना लागणारं. माझी धाकटी सून सोनाली हिला पाचवा महिना. तिची थोरली ओवी जन्मली ती उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली घेऊन. पुढं ऑपरेशन करून ती सोडवली. पण त्या खेपेलाही पाचव्या महिन्यात सोनालीनं ग्रहणात भेंडी चिरली होती. मी तिला ते तोंडावर सांगितलं होतं, एकदा नाही, आणि पाहुण्यांपुढंही. आता परत तेच नको, म्हणून दुपारपासून तिला आतल्या खोलीत अंधारात बसवलं होतं. खायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. ओवी दाराशी बसून "आई, आई" करत होती.

नलूताई आल्या. कपाटाकडं गेल्या नाहीत.

"सोनाली कुठंय?"

"आत. ग्रहण सुटेस्तोवर."

"काही खाल्लंय?"

"नाय."

आतून सोनालीचा बारीक आवाज आला, "ताई, गरगरतंय मला."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "ताई, हे माझं घर हाय. उद्या लेकराला काही झालं तर तुम्ही येणार निस्तरायला?"

"ओवीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मी वाचलाय, अक्का. तुमच्याच पोरानं आणून दाखवला. सरका."

"नाय सरकत."

त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि कडी काढली. स्वयंपाकघरातल्या दिव्याचा उजेड आत पडला. सोनाली भिंतीला टेकून बसली होती, तोंड पांढरंफटक.

"बघा," नलूताई म्हणाल्या. "दिवा स्वयंपाकघराचा, उजेड ह्या खोलीत. ओवीचं एवढंच झालंय. धाग्यातलं काही हरवलं नाय. एक तुकडा उलटा बसला अन् मधलं दार उघडं पडलं. एकाचा दिवा दुसऱ्याच्या खोलीत लागला, म्हणून पोटात बोटं सुटायच्या वेळी सुटली नाहीत. अन् हे कधी झालं? ओवी डोळ्याला दिसणार नाही एवढी होती तेव्हा, पहिल्याच दिवशी. भेंडी चिरली पाचव्या महिन्यात. भेंडी मागं जाऊन दार उघडती व्हय?"

मी हातात आला तो दगड मारला.

"तुमच्या पोटाला लेकरू नाय. तुम्हाला काय कळतंय यातलं?"

नलूताई खाली फरशीवर बसल्या. उजव्या पायातला मोजा ओढून काढला. पायाची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली होती, बदकासारखी.

"आईनं ग्रहणात सुईत दोरा ओवला होता म्हणे. आजीनं तिला मरेस्तोवर ऐकवलं. मी हे सगळं शिकून गंगापूरला घरी गेले, तेव्हा सांगायला आई राहिली नव्हती."

ओवी सरकत आली आणि त्या बोटांवरून आपलं बोट फिरवून म्हणाली, "तुझं पण चिकटलं?"

"व्हय गं."

"माझं डॉक्टरकाकांनी सोडवलं. आता दुखत नाही."

ग्रहण सुटायला अजून वेळ होता. माफी मागायची मला सवय नाही. मी दुपारच्या वरणावरचं तुळशीचं पान बाजूला काढलं, वरण गरम केलं, भात वाढला. सोनालीला हाताला धरून बाहेर आणलं, चार घास खाऊ दिले. मग विळी आणि काकडी तिच्यापुढं सरकवली.

"चिर."

ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"चिर म्हणते ना. ताईंनाबी वाढायचंय."

पहिला काप पडला. मी तिचा हात धरला नाही. नलूताई एकाच पायात मोजा घालून जेवायला बसल्या.